सावडीचा अभ्यास

निवृत्तीनंतर काय करता, असं कोणी विचारलं की मी खरं सांगते: दमते. त्यातून वेळ उरला तर मॉड्यूल बनवते. समोरच्याला वाटतं, बाई मॉड्युलर किचनच्या धंद्यात पडली. मीही मग समजावत बसत नाही.

मी सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. वॉर्डात उभं राहून गुडघे गेले. निवृत्त झाल्यावर दहिवलीच्या घरात पाय वर करून बसायचं, एवढाच माझा बेत होता. पण आमच्याकडे आता नेरळला, शेलूला इमारतींवर इमारती उठल्या आहेत. तिथली कमावती माणसं सकाळी मुंबईला जातात आणि मागे म्हातारी माणसं अंथरुणात राहतात. त्यांना सांभाळायला कोणीतरी हवं असतं, आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना काम हवं असतं. ही गाठ घालून द्यायला एका संस्थेने घरगुती रुग्णसेवेचा वर्ग काढला आणि शिकवायला मला धरून नेलं.

वर्ग चौक गावात एका खोलीत भरायचा. एक लोखंडी खाट, उजवा हात खांद्यातून निघून येणारा एक रबरी पुतळा आणि मी. माणूस कसा उचलायचा, कुशीवर कसा वळवायचा, नाकातल्या नळीतून कसं भरवायचं, हे मी बायकांना हाताला धरून शिकवायची. त्या एकमेकींना खाटेवर झोपवून सराव करायच्या आणि हसून लोळायच्या. मला ते काम आवडायचं. थकवा तेव्हाही यायचा, पण घरी जाऊन झोपलं की जायचा.

मग संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयातून मॅडमचा फोन आला. खोली बंद करायची ठरली होती, वर्ग ऑनलाइन होणार होता. "सिस्टर, तुमचं ज्ञान आपण मॉड्यूलमध्ये आणू. बायका घरबसल्या, आपापल्या सोयीने शिकतील." मॅडम काही वाईट नव्हत्या. बोलायला गोड, कामाला चोख, वयाने माझ्या मुलाएवढ्या. फक्त आमच्या बायकांची सोय कधी असते हे त्यांना माहीत नव्हतं. ती नसतेच, हे मी तरी फोनवर कसं सांगणार?

काही दिवसांनी एक टेंपो आला आणि चौकची खाट आमच्या बाहेरच्या खोलीत टाकून गेला. तिच्यामागून कुरिअरने फोनचा स्टँड, गोल दिवा आणि कॉलरला लावायचा माईक आला. मग व्हॉट्सॲपवर ॲपची नावं यायला लागली. स्लाइड बनवायचं एक, चित्रं शोधायचं एक, आवाजातली खरखर काढायचं एक, व्हिडिओ कापायचं एक, चाचणीचे प्रश्न तयार करायचं एक. फुकटातलं ॲप घेतलं की रुग्णाच्या कपाळावर कंपनीचा शिक्का उमटायचा. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि विसरला की ते मला विचारायचं, तुम्ही यंत्रमानव तर नाही ना. तेवढा एक प्रश्न मला सोपा वाटायचा.

नियमही आले. व्हिडिओ सात मिनिटांच्या वर नको. स्लाइडवर मजकूर थोडा हवा. शेवटी चाचणी हवी, आणि व्हिडिओ पुरता संपल्याशिवाय 'पुढे' हे बटण चालू व्हायचं नाही. मी म्हटलं, मॅडम, अंथरुणावरच्या माणसाची पाठ सात मिनिटांत पुसून होत नाही. त्या म्हणाल्या, मग आपण दोन भाग करू. पाठीचे दोन भाग केले.

रुग्ण म्हणून नवरा मिळाला. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस पेपर पाठ करत बसला होता, त्याला एकदम अंगात आल्यासारखं झालं. रुग्णाने कण्हायचं किती, डोळे कधी मिटायचे, यावर तो मला सूचना द्यायला लागला. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला अर्धांग झालंय. बोलता येत नाही तुम्हाला." तर म्हणे, "अगं, पण डोळ्यांनी अभिनय करता येतो." पलंगफोडांचा, म्हणजे पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमांचा भाग आम्ही केला, तेव्हा मी त्याला तेल लावून कुशीवर वळवलं आणि तो खरोखरच झोपला. व्हिडिओच्या शेवटी, "दर दोन तासांनी कूस बदलायला विसरू नका," असं मी म्हणते तेव्हा मागे त्याचं घोरणं ऐकू येतं. आवाज साफ करणाऱ्या ॲपने पंख्याचा आवाज काढला, शेजारच्या बांधकामाचा ड्रिलही काढला, पण घोरणं काही निघालं नाही. मॅडम म्हणाल्या, पुन्हा घ्या. मी म्हटलं, आता मला कापून टाकलंत तरी पुन्हा घेणार नाही. ते तसंच राहिलं.

असे महिने गेले. बोलायला सुरुवात केली की भाजीचा टेंपो यायचा, तो गेला की कुकर. कधी फोन भरायचा, कधी चार्जिंग संपायचं. वॉर्डात दिवसभर राबले तरी संध्याकाळी काहीतरी केल्यासारखं वाटायचं. कोणाचा ताप उतरलेला असायचा, कोणी घरी गेलेलं असायचं. इथे संध्याकाळी माझ्या हातात माझंच तोंड उरायचं, छोट्या पडद्यावर बोलत असलेलं. ते बघून मला माझाच वीट यायचा. समोर शिकणारं माणूस नसताना शिकवायचं म्हणजे काय, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. मी आपली गोल दिव्याकडे बघून विचारायची, "कळलं का?" आणि उत्तर द्यायला खाटेवरून नवराच मान हलवायचा.

शेवटी दहा मॉड्यूल झाली आणि पहिल्या तुकडीत बायकाही दहा आल्या. एवढं मात्र छान जुळलं. शिकायचं सगळं फोनवर, फक्त ओळख म्हणून पहिल्या दिवशी त्या माझ्या घरी येऊन गेल्या. आमच्यात गावावरूनच हाक मारायची पद्धत पडली होती. वावोशीची, चौकची, कशेळ्याची.

या कशेळ्याचीबद्दल सांगायला हवं. चाळिशीची, काटक, बोलायला थेट. पॅकिंगच्या कंपन्यांत कंत्राटावर जायची आणि कंत्राट संपलं की परत घरी बसायची. तिच्यासाठी नेरळचं एक काम ठरल्यासारखं होतं. चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा अर्धांगाने पडलेले होते, नाकात नळी होती. त्यांची मुलगी रजा काढून घरी बसली होती आणि तिची रजा संपत आली होती. ती मला म्हणाली होती, "तुमच्या संस्थेचं सर्टिफिकेट असलेली बाई द्या, रजा संपेल त्या सोमवारपासून ठेवते. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल." कशेळ्याची हे ऐकून खाटेच्या कठड्याला धरून बसली. म्हणाली, "सिस्टर, एकदा तरी असं काम पायजे, जे आवणी झाल्यावर पण असंल." भाताच्या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात.

अभ्यासक्रम चालू झाला तो नेमका आवणीत. पुण्याहून मॅडम मला रोज प्रगतीचा रंगीत तक्ता पाठवायच्या. सुरुवातीला सगळ्यांच्या पट्ट्या रिकाम्या. मी फोन करावा तर बाई चिखलात, फोन बांधावर प्लास्टिकच्या पिशवीत. आणि मग एका आठवड्यात पट्ट्या भराभर हिरव्या झाल्या. दहाच्या दहा जणी, दहाच्या दहा मॉड्यूल, चाचणीत उत्तम गुण. मॅडमनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मला मेलीला बरं वाटलं. म्हटलं, चला, त्या गोल दिव्यापलीकडे कोणीतरी बसलं होतं तर.

दुसऱ्याच दिवशी मॅडमचा आवाज बदललेला. दहाही जणींची एकेक चाचणी एकाच फोनवरून दिली गेली होती. पाठीची चाचणी सगळ्यांची एका फोनवरून, नळीची सगळ्यांची दुसऱ्या. यंत्राने ते पकडलं आणि सगळ्यांची खाती गोठवली. "ही सरळसरळ कॉपी आहे, सिस्टर. बॅच रद्द करावी लागेल."

मी कशेळ्याचीला फोन लावला. ती जराही चाचरली नाही.

"कॉपी नाय केली, सिस्टर. आमी सावड केली."

सावड मला ठाऊक होती. आज तुझ्या शेतात आम्ही सगळ्या, उद्या माझ्या शेतात तुम्ही सगळ्या. मजुरी नाही, लिखापढी नाही, कोण कोणाकडे आलं ते ज्याच्या त्याच्या ध्यानात. इथली आवणी अशीच उरकते. या बायकांनी एकेकीने एकेक मॉड्यूल वाटून घेतलं. तेवढंच मन लावून बघायचं आणि दहा जणींच्या वतीने चाचणी द्यायची. खातं उघडायला दुसरीला फोन करायचा, तुझ्या फोनवर आलेला आकडा सांग गं. ती चिखलाचे हात पुसून आकडा सांगायची आणि परत वाकायची. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"अगं पण बाई," मी म्हटलं, "हे शेत आहे का? लावलेलं भात कोणीही लावलं तरी उगवतं. इथे जिला येत नाही तिच्या हातात माणूस द्यायचा आहे!"

"मंग काय करायचं व्हतं? फोन बगाया बसलं तर रोप कोण लावंल?" ती म्हणाली. "आणि ते बटन तर येतच नाय, सगळा पिच्चर झाल्याबिगर."

मी आणखी चिडले आणि फोन ठेवला. मग पुण्याला फोन केला आणि तिथेही चिडले. सावड म्हणजे काय हे मॅडमना समजावता समजावता माझ्या घशाला कोरड पडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही प्रत्यक्ष परीक्षा घ्या. ज्यांच्या नावापुढे तुम्ही सही कराल त्यांना सर्टिफिकेट. पण सिस्टर, मग जबाबदारी तुमची." त्यांचं काही चुकलं नव्हतं. खोली बंद झाली, खाट घरात आली, वर्ग फोनमध्ये गेला, आणि सगळ्याच्या शेवटी हात धरून बघायचं ते मलाच बघायचं होतं. तेवढं वर्ष कशाला फुकट घालवलं, असं मनात आलं.

शनिवारी बायका दहिवलीला आल्या. नवरा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर पडला. मी त्याच्या गालाला चिकटपट्टीने नळी लावली आणि एकेकीला बोलावलं.

हात धुण्याचं मॉड्यूल जिने केलं होतं तिने कोपरापर्यंत हात असे धुतले की माझ्या वॉर्डातल्या एकाही शिकाऊ नर्सने धुतले नसतील. धुतले आणि उभी राहिली. पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. चौकचीला ताप, नाडी, श्वास सगळं मोजता येत होतं, पण माणूस कुशीवर वळवताना तिने नवऱ्याला जवळजवळ खाली पाडलं. वावोशीची नळीच्या बाबतीत पक्की होती. नळी जागेवर आहे का ते बघितलं, डोकं आणि छाती वर घेतली, पिचकारीत पेज ओतून ती आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायची म्हणाली, वरून दाबायचं नाही. पण पलंगफोडाचं नाव काढलं की ती म्हणायची, "ते कशेळ्याचीकडं हाय." दहा जणींची मिळून एक उत्तम नर्स झाली होती. पण सोमवारी नेरळला एकच जण जाणार होती.

कशेळ्याचीने पाठ अशी बघितली की मी खूश झाले. टाचा, कोपरं, माकडहाड, सगळीकडे बोटं फिरवून बघितलं. माझ्या व्हिडिओतली वाक्यं माझ्याच सुरात म्हणून दाखवली आणि शेवटी काकांनी इथं घोरायचं असतं, असंही सांगितलं. बायका फिदीफिदी हसल्या. मग मी म्हटलं, आता यांना भरव.

तिने पिचकारी घेतली, नळीला लावली, पेजेचं भांडं उचललं. नवरा पाठीवर सपाट झोपलेला होता. ती ओतायला लागणार तेवढ्यात मी तिचा हात धरला.

वॉर्डात मी हे पाहिलं होतं. अशीच एक बाई, आपल्या सासऱ्याला मायेने दूध भरवणारी. सपाट झोपलेल्या माणसाला. दूध पोटातून उलटं वर आलं आणि छातीत गेलं. तिची माया खोटी नव्हती, पण सासरा काही वाचला नाही. हे मी त्या सगळ्यांना सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

मी कोणाच्याच नावापुढे सही केली नाही. नऊ जणींना म्हटलं, आवणी आटपली की या, सगळ्या धड्यांची परीक्षा प्रत्येकीची घेईन. त्या हो म्हणाल्या आणि गेल्या. कशेळ्याची थांबली.

"सिस्टर, सई करा ना. नळीचं मी वावोशीचीला फोन करून इचारीन."

"आणि तिचा फोन बांधावर असला तर?"

ती म्हणाली, "परवा सोमवार हाय. मी नाय गेली तर त्या दुसरं माणूस बगतील."

ती रडली नाही. रडली असती तर मला ओरडता आलं असतं. ती उठून नवऱ्याच्या गालावरची चिकटपट्टी हळूच काढायला लागली, कातडीला ओढ न बसू देता, एका बोटाने कातडी दाबून धरून. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण तेवढ्यावर सही करता येत नाही.

मला घरी बसायचं होतं. खरंच सांगते, त्या क्षणी मला या बाईचा, त्या मॅडमचा, त्या फोनचा, सगळ्याचा इतका कंटाळा आला होता की दार लावून पडावंसं वाटत होतं. आणि तोंडातून निघालं, "सोमवारी मी येते तुझ्याबरोबर."

नवरा खाटेवरून म्हणाला, "गुडघे?"

"ते पण येतील," मी म्हटलं.

नेरळच्या त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. चार मजले मी कठडा धरून चढले, प्रत्येक जिन्याला एकदा टेकत. दार उघडणाऱ्या मुलीने आम्हा दोघींकडे पाहिलं. "दोघी का?"

"एक शिकतेय, एक शिकवतेय."

"आणि सर्टिफिकेट?"

"ते येईपर्यंत मी आहे," मी म्हटलं. तिला ऑफिसची गाडी पकडायची होती. तिने आजोबांच्या कपाळावरून हात फिरवला, आम्हाला औषधांचं कपाट दाखवलं आणि गेली.

आजोबांना बोलता येत नव्हतं, पण डोळे फिरायचे. मी खुर्ची ओढून भिंतीशी बसले आणि कशेळ्याचीला सांगायला लागले. मधे कुठला माईक नव्हता की बटण नव्हतं. उशा कशा लावायच्या, छाती किती वर हवी, भरवायच्या आधी नळीवरची खूण कशी बघायची. पिचकारी लावताना नळी बोटांत चिमटून धर. भरवून झालं तरी निदान अर्धा तास उठवलेलंच ठेव. ती करायची, चुकायची, मी ओरडायची, ती परत करायची. आजोबा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघायचे. त्यांच्या घरात बहुतेक बऱ्याच दिवसांनी कोणी इतक्या मोठ्याने बोलत होतं. दुपारी ते झोपले की कशेळ्याची माझ्यासमोर जमिनीवर बसायची आणि उरलेले धडे विचारायची. महिनोन्महिने मी पडद्याला जे सांगितलं होतं ते मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळी जिना उतरताना माझे पाय लटपटायचे. घरी येऊन मी न जेवता झोपायची आणि सकाळी परत जायची. वैतागत जायची, पण जायची.

त्या आठवड्याच्या शेवटी ती भरवत होती आणि मी खुर्चीतच डुलकी काढत होते. अचानक आजोबांना ठसका लागला. मी डोळे उघडले, उठायला गेले, पण गुडघा धरला गेला आणि मी अर्धवट उठून तशीच अडकले. तोवर तिने नळी चिमटली होती, भांडं खाली ठेवलं होतं, एका हाताने त्यांना आणखी वर घेतलं होतं आणि तोंड एका बाजूला वळवून ती त्यांच्या ओठांचा रंग बघत होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ठसका थांबला. ती पुन्हा भरवायला लागली नाही. "आता जरा थांबूया, आजोबा," म्हणाली, आणि त्यांचं तोंड पुसलं.

मी हळूहळू परत खुर्चीत बसले. पर्समधून मॅडमनी पाठवलेला कागद काढला आणि तिच्या नावापुढे सही केली. डोळे भरून आले होते, ते चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसले. तक्त्यातल्या त्या हिरव्या पट्ट्यांपैकी एकीनेही मला असं झालं नव्हतं.

बाकीच्या नऊ जणी आवणीनंतर आल्या. काही पास झाल्या, काही परत येणार म्हणाल्या आणि आल्याही. मॅडमनी यंत्रात काहीतरी बदल करून आता चाचणीच्या वेळी चेहरा दिसला पाहिजे असं केलं. मी त्यांना म्हटलं, चेहरा दाखवतील हो, हात कोण बघणार? त्या म्हणाल्या, त्यासाठी तुम्ही आहात ना. खाट आमच्या बाहेरच्या खोलीतच राहिली. नवरा आता दुपारी तिच्यावरच लवंडतो.

श्रावण सरता सरता कशेळ्याची काकड्यांची पिशवी घेऊन आली. नेरळचं काम चालू होतं, आजोबांच्या पाठीला एक ओरखडा नव्हता, हे तिने आल्या आल्या सांगितलं. मी गुडघ्याला गरम पिशवी लावून बसले होते. चहा झाला तरी ती उठेना.

"सिस्टर, तुमची सावड फेडायची ऱ्हायली हाय."

"कसली सावड?"

"तुमी माझ्या कामावर आलात ना नेरळला, आठवडाभर. मंग मला यायला नको तुमच्याकडं?"

मी हसले. "अगं, माझं शेत कुठे आहे?"

तिने खोलीभर नजर फिरवली. माझ्या गुडघ्यावरची पिशवी बघितली, खाटेवर पेपर तोंडावर घेऊन पडलेला नवरा बघितला, भिंतीवरचा मुलाचा, सुनेचा, परदेशातल्या बर्फातला फोटो बघितला. कामाला आलेली बाई घर बघते तशी.

"शेत नाय, पण माणसं हायत," ती म्हणाली. "तुमी अंथरुणाला लागाल तवा निरोप धाडा. मी एकटीच येईन. आता कुनाला फोन करून इचारायला नको, सगळं येतंय मला."

असं कोणी कोणाला तोंडावर सांगतं का? मला आधी राग आला. मग लक्षात आलं की मला आजवर हे कोणीच सांगितलेलं नाही. इतक्या माणसांना उचललं, वळवलं, पुसलं, आणि माझ्या पाळीला कोण, हा विचार मी मनात यायच्या आधीच बाहेर काढत आले होते. मुलगा फोनवर विचारतो, कशी आहेस, आणि मी म्हणते, मजेत.

पेपराखालून नवरा म्हणाला, "आणि मला कोण?"

"काका, तुमचा तर नंबर आदी हाय," ती म्हणाली. "तुमाला त्या खाटेची सवय पण झाली."

तो इतका हसला की पेपर खाली पडला. तिने कप विसळले, पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि गाडी गाठायची म्हणून घाईने गेली.

नवरा उठून काकड्या चिरायला आत गेला. मी खाटेवरची चादर झटकली, कोपरे नीट आत दुमडून घेतले, आणि त्याच्या जागेवर पाठ टेकून पडले. वर पंखा फिरत होता. एवढ्या दिवसांत या खाटेवरून छत कसं दिसतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

तो ताटली घेऊन बाहेर आला आणि दारातच थांबला. "काय गं, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे," मी म्हटलं. "उशी जरा वर घ्या."